मिलेव्हिसचा बिशप, परिशिष्टांसह

सोन्याचे पेले 2. चांदीचे पेले 6. चांदीच्या सुरया 6. चांदीचं पातेलं 1. चांदीचे दिवे 7. साखळ्यांसकट ब्राँझचे दिवे 11. बायकांचे अंगरखे 82, डोक्यावरून घ्यायच्या ओढण्या 38, पुरुषांचे अंगरखे 16. पुरुषी जोड्यांचे जोड 13, बायकी जोड्यांचे 47.

ही जप्तीची यादी आहे. तारीख 19 मे 303, ठिकाण सिर्ता. त्या वेळी ते रोमन साम्राज्याच्या न्युमिडिया प्रांतातलं मोठं शहर होतं, आज ते अल्जीरियातलं कॉन्स्टन्टाइन. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सम्राट डायोक्लेशियनने फर्मान काढलं होतं की ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळं पाडा, त्यांच्या पोथ्या जाळा. फर्मान सिर्त्याला पोचलं आणि शहराचा कारभारी मुनाशियस फेलिक्स आपला लवाजमा घेऊन ख्रिस्ती लोक जमत त्या घरी जाऊन उभा राहिला. बरोबर कारकून होते. कोण काय म्हणालं, कुठल्या खोलीत काय सापडलं, सगळं त्यांनी टिपून घेतलं.

माझी सगळी नोकरी दिवाणी कोर्टात कारकुनीत गेली. जप्तीचे पंचनामे इतके पाहिले की पहिल्या चार ओळींतच कळतं, हा माणूस जागेवर गेला होता की ऑफिसात बसून त्याने कागद रंगवला. बायकांचे जोडे 47 आणि पुरुषांचे 13, हे ऑफिसात बसून कुणाला सुचत नाही. हे कपडे नि जोडे बहुधा गोरगरिबांना वाटण्यासाठी ठेवलेले असावेत. आणि त्या गावात मदत मागायला बायकाच जास्त येत असाव्यात, हेही त्या आकड्यांवरून आपसूक कळतं.

हा पंचनामा आपल्यापर्यंत पोचला तो एका बिशपमुळे. त्याचं नाव ऑप्टेटस. गाव मिलेव्हिस, म्हणजे आजचं मिला, सिर्त्याच्या शेजारचं. साधारण 366-367 च्या सुमारास त्याने आपल्याच धर्मातल्या फुटीर पंथाविरुद्ध सहा भागांचा ग्रंथ लिहिला, पुढे सातवा जोडला, आणि शेवटी पुराव्याच्या कागदपत्रांचं परिशिष्ट लावलं. परिशिष्ट लावणाऱ्या माणसाबद्दल मला आपलेपणा वाटणं साहजिक आहे. ती कागदपत्रं आज एकाच जुन्या हस्तलिखितात उरली आहेत, आणि तीही अर्धवट.

फूट कशावरून पडली ते थोडक्यात सांगते. छळाच्या काळात काही बिशपांनी आणि पाद्र्यांनी जीव वाचवायला पोथ्या अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर प्रश्न आला की अशा माणसाच्या हातून झालेला बाप्तिस्मा खरा का? अशाने दुसऱ्या कुणाला बिशप केलं असेल तर तो बिशप खरा का? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या मोठ्या शहरात सेसिलियन नावाचा बिशप निवडला गेला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला बिशप करणारा आप्टुंगाचा बिशप फेलिक्स पोथ्या देणाऱ्यांपैकी आहे, असा आरोप झाला. न्युमिडियातून सत्तर बिशप आले, त्यांनी सेसिलियनला अमान्य करून दुसरा बिशप बसवला. त्याच्यामागून डोनाटस आला, आणि पंथाला त्याचं नाव पडलं. गावोगावी दोन बिशप, दोन वेद्या. आम्ही हुतात्म्यांची लेकरं, तुम्ही पोथ्या विकणाऱ्यांची पिलावळ, असा डोनाटस पंथीयांचा एकूण सूर.

या सगळ्याचा उगम ऑप्टेटस एका बाईपाशी नेऊन ठेवतो. तिचं नाव लुसिला, पैसेवाली आणि वजनदार. प्रभुभोजन घेण्याआधी ती कुणा हुतात्म्याच्या हाडाचं चुंबन घ्यायची, आणि तो हुतात्मा चर्चने अजून मान्य केलेलासुद्धा नव्हता. सेसिलियन तेव्हा आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या सेवकांचा (डीकनांचा) प्रमुख होता, त्याने तिला टोकलं. ती अपमान गिळून रागारागाने निघून गेली. ऑप्टेटसचं वाक्य असं आहे की या फुटीला जन्म दिला अपमान झालेल्या बाईच्या रागाने, तिला पोसलं महत्त्वाकांक्षेने आणि बळ दिलं लोभाने. वाक्य झकास आहे यात वाद नाही. पण सत्तर बिशप, बिशपच्या खुर्चीवर डोळा असलेले दोन पुढारी आणि शेवटी खापर कुणाच्या डोक्यावर, तर बाईच्या! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. मग परिशिष्टात वाचलं की लुसिलाने 400 थैल्या पैसा दिला आणि तो बिशपांनी आपसात वाटून घेतला. तेव्हा बाईंचा हात त्यात होता, आणि चांगला सढळ होता, हे मान्य करावं लागलं.

त्याच गोष्टीत आणखी एक बाई आहे, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सेसिलियनच्या आधीचा बिशप मेन्सुरियस याला सम्राटाकडून बोलावणं आलं. परत येऊ की नाही याची खात्री नव्हती. चर्चची सोन्याचांदीची भांडी त्याने गावातल्या वडीलधाऱ्यांकडे विश्वासाने ठेवली, आणि एकूण एक वस्तूची यादी करून एका म्हातारीच्या हाती दिली. मी परतलो नाही तर पुढे जो बिशपच्या खुर्चीवर बसेल त्याला दे, म्हणाला. मेन्सुरियस परतीच्या वाटेवर वारला. वडीलधाऱ्यांना वाटलं, आता कोण विचारतंय. पण सेसिलियन खुर्चीवर बसला आणि म्हातारीने यादी नेऊन त्याच्या हातात दिली. भांडी मागितली गेल्यावर वडीलधारी मंडळी फुटिरांना जाऊन मिळाली. ऑप्टेटस त्या म्हातारीचं नाव देत नाही. संपूर्ण प्रकरणात आपलं काम चोख बजावणारी मला तरी ती एकटीच दिसते.

आता पुन्हा पंचनामा. खोल्या बघून झाल्यावर ग्रंथांची खोली उघडली तर कपाटं रिकामी. तेवढ्यात सिल्वानस नावाचा उपडीकन (डीकनाच्या हाताखालचा सेवक) एक चांदीची पेटी आणि चांदीचा दिवा घेऊन पुढे आला. रांजणामागे सापडलं, म्हणाला. शेजारी उभा असलेला एक जण त्याला म्हणतो, हे सापडलं नसतं तर आज मेलाच होतास. मग कातुल्लिनस नावाच्या दुसऱ्या उपडीकनाने एक भलीमोठी पोथी आणून दिली. कारभारी फेलिक्स विचारतो, एकच का? बाकीच्या कुठे? वाचकांकडे आहेत, असं उत्तर मिळतं. म्हणजे प्रार्थनेत पोथी वाचून दाखवणारे, ते आपापल्या घरी ठेवतात. त्यांची नावं सांग. यावर कातुल्लिनस आणि त्याचा सोबती म्हणतात, आम्ही फितूर नाही. आम्ही इथे उभे आहोत, मारून टाका.

दोन मिनिटांपूर्वी याच माणसाने पोथी आणून दिली आहे! पोथी दिली, पण नावं देत नाही. वीर म्हणावं की भित्रा? खुर्चीवर बसलेल्या बिशप पॉलचं उत्तर तर अस्सल सरकारी कचेरीतलं आहे. वाचक कोण ते तुमच्या कचेरीला ठाऊक आहे, तुमच्या एदुसियस आणि जुनियस या कारकुनांना विचारा, म्हणाला. माहितीही दिली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जप्तीच्या वेळी घरमालक असंच बोलतो. मग वरात निघाली घरोघर. एकाकडे चार पोथ्या, एकाकडे पाच, एकाकडे आठ. व्हिक्टर नावाच्या व्याकरणाच्या मास्तरांकडे दोन पोथ्या आणि काही सुट्या वह्या. आणखी असतील, फेलिक्स म्हणाला. असत्या तर दिल्या असत्या, मास्तर म्हणाले.

पुढची गंमत 320 सालची. रांजणामागची पेटी काढून देणारा सिल्वानस दरम्यान सिर्त्याचा बिशप झाला होता, आणि तोही शुद्धतेचा झेंडा घेतलेल्या डोनाटस पंथाचा. त्याच्याच डीकनाचं त्याच्याशी बिनसलं आणि डीकनाने प्रकरण झेनोफिलस या अधिकाऱ्यापुढे नेलं. साक्षीला आले तेच व्याकरणाचे मास्तर. आपला बाप नगरसभेचा सदस्य, आजोबा सैनिक, आपण लॅटिनचे शिक्षक, असा परिचय त्यांनी करून दिला. पोथ्यांबद्दल काय माहीत आहे विचारल्यावर म्हणाले, छळ सुरू झाला तेव्हा मी डोंगरावर पळालो होतो. मग सतरा वर्षांपूर्वीचा पंचनामा मोठ्याने वाचला गेला. मास्तरांचं नाव, पोथ्या, वह्या, सगळं. साक्षीदाराचा चेहरा कागदात लिहिलेला नसतो, पण असे चेहरे मी पाहिलेले आहेत.

ऑप्टेटसचा डाव आता लक्षात येईल. तुम्ही आम्हाला पोथ्या देणारे म्हणता ना? मग हे बघा, तुमचे आद्य बिशप काय करत होते. सुमारे 305 मध्ये सिर्त्याला बिशपांची एक बैठक झाली. अध्यक्ष सेकुंडस एकेकाला विचारत गेला, तू पोथ्या दिल्यास का. कुणी म्हणालं, सुट्या पानांवर भागवलं. कुणी म्हणालं, वैद्यकाची पुस्तकं देऊन सुटलो. लिमाटाच्या पुरपुरियसला विचारलं गेलं, मिलेव्हिसच्या तुरुंगात सख्ख्या बहिणीच्या मुलांना तू मारलंस म्हणतात, ते खरं का? तो गुरगुरला की हो, मारलं, आणि माझ्या आड येईल त्याला मारतो. वर सेकुंडसलाच उलटा प्रश्न, तुला पकडलं होतं, तू कसा सुटलास रे? सेकुंडस गप्प झाला, निवाडा देवावर सोडला आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. काही वर्षांनी हीच मंडळी कार्थेजला जाऊन सेसिलियनला अशुद्ध ठरवतात.

सेसिलियनची बाजू मात्र तपासात टिकली. 313 मध्ये रोमला तिथला बिशप मिल्टियाडेस याच्या अध्यक्षतेखाली सुनावणी झाली, 314 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या आर्लला परिषद झाली, आणि आप्टुंगाच्या फेलिक्सची तर स्वतंत्र चौकशी झाली. तिच्यात निष्पन्न काय झालं, तर त्याच्याविरुद्धच्या पत्रात इंजेंशियस नावाच्या इसमाने पदरचा मजकूर घुसडला होता. म्हणजे ज्या आरोपावर एवढं रामायण झालं तो बनावट दस्तऐवजावर उभा होता.

पण ऑप्टेटस इथे थांबला असता तर तो फक्त हुशार वकील ठरला असता. त्याचं खरं म्हणणं पुढे आहे. समजा सेसिलियन खरंच दोषी असता, तरी बाप्तिस्मा त्याचा थोडाच होता? देणारा देव, घेणारा श्रद्धावान. मधला पाद्री कामकरी आहे, मालक नाही. पोस्टमन दारुडा निघाला म्हणून मनीऑर्डर खोटी ठरत नाही, तसंच हे. डोनाटस पंथीय दुसऱ्या बाजूने आलेल्याला पुन्हा बाप्तिस्मा देत आणि ऑप्टेटसची बाजू देत नसे, एवढ्या एका फरकात दोघांचा स्वभाव कळतो.

शुद्धतेच्या या वेडाची त्याने उडवलेली टर सहाव्या भागात आहे. सम्राट ज्युलियनने 361 नंतर हद्दपार झालेल्या डोनाटस पंथीयांना परत येऊ दिलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या बाजूची चर्चं ताब्यात घेतली. वेद्या फोडल्या, जिथे लाकूड महाग होतं तिथे नुसत्या तासून काढल्या. पेले वितळवून विकले. भिंती धुतल्या, वेदीवरची कापडं धुतली. ऑप्टेटस विचारतो की कापडं धुतलीत ती ठीक, आता पोथ्यांचं काय केलंत तेही सांगा. आमच्या स्पर्शाने कापड विटाळलं असेल तर पोथीही विटाळलीच असणार. मग धुवा की तीही! पोथ्या जळू नयेत म्हणून ज्यांचे हुतात्मे मेले त्यांना तो पोथ्या पाण्यात बुडवायला सांगतोय. सोवळं-ओवळं घरात बघत वाढलेल्या माझ्यासारखीला या प्रश्नाचा चिमटा लगेच कळतो.

आणि तरी तो पार्मेनियनला भाऊ म्हणतो. पार्मेनियन म्हणजे डोनाटसनंतरचा कार्थेजचा डोनाटस पंथीय बिशप, ज्याच्या लिखाणाला उत्तर म्हणून हा ग्रंथ लिहिला गेला. त्याचं मूळ लिखाण आता उरलेलं नाही. जे काही कळतं ते ऑप्टेटसने खोडून काढायला उद्धृत केलं तेवढंच. ऑप्टेटस त्याला सुरुवातीलाच सांगतो की तुम्हाला आमचा राग असला तरी तुम्ही आमचे भाऊच, कारण आपला जन्म एकाच आईच्या पोटचा. पाखंडी वेगळे आणि फुटून गेलेले वेगळे. पाखंडी परका असतो, फुटून गेलेला घरातलाच असतो. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन तो पुन्हा पुन्हा आणतो, जे तुमचा द्वेष करतात त्यांना म्हणा, तुम्ही आमचे भाऊ आहात. मधूनच तो भाऊ एवढ्या तिरकस सुरात म्हणतो की पार्मेनियनला शिवी परवडली असती. पण सहा भागांत, इतक्या वर्षांची भांडणं उकरताना, त्याने तो शब्द एकदाही मागे घेतलेला नाही.

एका जागी मात्र मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. 347 मध्ये सम्राट कॉन्स्टन्सने पॉल आणि मॅकेरियस या दोन अधिकाऱ्यांना पैसे देऊन आफ्रिकेत पाठवलं, गरिबांना मदत वाटायला आणि जमलं तर एकी करायला. डोनाटस भडकला. चर्चशी सम्राटाचा संबंध काय, हा त्याचा प्रश्न तेव्हापासून गाजतोय. बगाई गावच्या डोनाटस पंथीय बिशपने माणसं जमवली, सैन्य आलं, माणसं मारली गेली. ऑप्टेटस आधी म्हणतो, यात आमची इच्छा नव्हती, आम्ही काही सांगितलं नव्हतं. इथवर ठीक. पुढे म्हणतो, बायबलमध्ये मोशेनेही तीन हजार मारले, एलियाने खोट्या संदेष्ट्यांना मारलं, मग मॅकेरियसनेच काय केलं? आणि डोनाटसच्या प्रश्नाला त्याचं उत्तर असं की राज्य चर्चमध्ये नाही, चर्च राज्यात आहे. कागदपत्रांवर इतका भरवसा ठेवणारा माणूस इथे प्रेतांचा पंचनामा करत नाही, शास्त्राचा दाखला देऊन मोकळा होतो.

या प्रकरणाबरोबरच डोनाटस पंथाच्या बाजूच्या सर्कमसेलियन टोळ्यांचं वर्णन आहे, शेतमजूर आणि भटक्या लोकांच्या. अक्सिडो आणि फासिर हे त्यांचे म्होरके. ऑप्टेटस तक्रार करतो की यांच्या धाकाने सावकारांची कर्जखतं कुचकामी झाली, रस्त्याने निघालेल्या धन्याला गाडीतून उतरवून त्याच्या गुलामांना गाडीत बसवायचे आणि धन्याला पुढे पळायला लावायचे. हे त्याने भीषण म्हणून लिहिलं आहे. मला त्यात दुसरंही काही वाचता येतं. ऑलिव्हच्या बागांत राबणाऱ्याला या धर्मवादात नेमकं काय सापडलं होतं, हे ऑप्टेटसने विचारलं नाही. त्याच्या परिशिष्टात कर्जदाराचा एकही कागद नाही.

जोडलेला सातवा भाग 385 च्या आसपासचा. तो मला विस्कळीत वाटतो, पण त्याचा सूर मऊ झालेला आहे. येशूचा शिष्य पेत्र याचं उदाहरण तिथे येतं. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, आणि स्वर्गाच्या किल्ल्या मिळाल्या त्यालाच. ज्यांनी नाकारलं नव्हतं त्या बाकीच्या शिष्यांनी पेत्राला वाळीत टाकलं नाही. मग पोथ्या दिलेल्या माणसाला क्षमा करून एकी ठेवायला काय हरकत होती? पहिल्या भागात आमच्या माणसाने पोथ्या दिल्याच नाहीत, तुमच्यांनी दिल्या, असा हिशेब होता. इथे तो म्हणतो, दिल्या असल्या तरी काय. वकील म्हणून हे त्याच्या बाजूला कमजोर करणारं आहे. वरिष्ठाने त्याला नक्की टोकलं असतं.

ऑप्टेटसनंतर हा वाद हिप्पो या आफ्रिकेतल्याच गावचा बिशप ऑगस्टिन याच्या हाती गेला. ऑगस्टिन बुद्धीने कितीतरी मोठा. बाप्तिस्म्याचा हाच युक्तिवाद त्याने घेतला, वाढवला आणि जगभर नेला. पण शेवटी सरकारी सक्तीला त्याने जे तात्त्विक समर्थन दिलं, त्याचे दाखले पुढे शतकानुशतकं लोक देत राहिले. त्या मानाने ऑप्टेटस लहान गावचा, इतिहासातल्या घटनांचा क्रम चुकवणारा. मला तोच जवळचा वाटतो, मॅकेरियसचा डाग धरूनही.

411 च्या जूनमध्ये कार्थेजला सम्राटाच्या हुकमाने दोन्ही बाजूंची समोरासमोर सुनावणी झाली. प्रत्येक बाजूचे अडीचशेच्या वर बिशप. डोनाटस पंथीय पाप्यांबरोबर बसायला तयार नव्हते, म्हणून उभे राहिले. मग निवाडा द्यायला आलेला मार्सेलिनसही उभाच राहिला. सिर्त्याच्या बैठकीचा वृत्तांत वाचला गेला, त्यावर तारखेची हरकत आली, छळ चालू असताना बिशप बैठक घेतील कसे, अशीही हरकत आली. कुणाही मुरलेल्या वकिलाने घेतल्या असत्या अशाच त्या हरकती. आणि मग डोनाटस पंथीयांनी स्वतःच्या बाजूने पुरावा म्हणून काढलं कोणाचं पुस्तक, तर ऑप्टेटसचं. सेसिलियनला सम्राटाने इटलीत ब्रेशियाला थांबवून ठेवलं होतं, अशी नोंद त्यात आहे, म्हणजे त्याला दोषी ठरवलं असणार, असा त्यांचा मुद्दा. समोरच्या बाजूने सांगितलं, सगळं पान वाचा. ते वाचल्यावर निघालं की सेसिलियन निर्दोष ठरला होता, थांबवलं ते शांततेसाठी. मार्सेलिनसने निकाल डोनाटस पंथाच्या विरुद्ध दिला. ज्यांच्याविरुद्ध ऑप्टेटसने ते पुस्तक लिहिलं होतं, त्यांनी ते जपून ठेवलं होतं, वाचलं होतं आणि भर सुनावणीत आपला कागद म्हणून दाखल केलं होतं.